आठव्या सेटवरची तारीख

सर, तुमचा आठ नंबरचा सेट गेल्या मंगळवारी माझ्या टेबलावर आला आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आगाशीला तुमच्या घरी आले तेव्हाही भिंतीवरच्या फोटोला नुसते हात जोडले आणि चहाला बसले. आज लिहायला बसले आहे तर आधी काय सांगू नि नंतर काय, तेच सुचत नाही. वॉकीटॉकीचं बटण दाबलं की लगेच बोलू नये, एक श्वास घ्यावा, नाहीतर पहिला शब्द कापला जातो, असं तुम्ही शिकवलं होतंत. तो श्वास मी पाच दिवस घेते आहे.

सेट काकू घेऊन आल्या. स्वतः आल्या, आगाशीहून रिक्षा करून फुलपाड्यापर्यंत, गुडघे धरत माझ्या दुकानाच्या तीन पायऱ्या चढून. पिशवीत तुमच्या जुन्या पंचात गुंडाळलेले दोन वॉकीटॉकी आणि वर वाळक्या केळीच्या पानात बांधलेली सुकेळी. मी खुर्ची पुढे केली, पंखा वाढवला. काकू म्हणाल्या, "अगं, वाडीत कामाला बाई येते, तिला मोबाइल लावला की उचलत नाही. हात मातीचे असतात म्हणते. परवा मी न्हाणीत घसरले. अर्धा तास हाका मारत होते, तिला पत्ता नाही. मग यांच्या कपाटात हे सापडले. एक माझ्या गळ्यात, एक तिच्या कमरेला. चालू करून दे." मी म्हटलं, काकू, आता वाडीपुरते लहान हलके सेट मिळतात, परवान्याचीही भानगड नाही, नवी जोडी देते. त्यांनी मान हलवली. "नको. त्यांचेच दे."

त्या गेल्यावर मी दोन्ही सेट पुसले. फुगलेल्या बॅटऱ्या काढल्या, आमच्याकडच्या दोन बॅटऱ्या लावून पाहिल्या. दोन्ही सेट टुक करून जागे झाले. इतक्या वर्षांनी. मागच्या बाजूला तुमच्या अक्षरात रंगाने लिहिलेले आकडे होते, एकावर तीन आणि दुसऱ्यावर आठ. आठ नंबर मी आधी बाजूला ठेवला. हाच तो सेट, हे मला लगेच कळलं होतं. वाटलं, तुमची चूक तुम्ही जपून ठेवलीत, तुमचा स्वभावच तसा, तुम्ही साधा स्क्रूसुद्धा टाकत नव्हतात. जुना कॉम्प्युटर चालू केला, तुम्ही दिलेली जुनी केबल काढली, आणि आठ नंबर जोडला. आधी वाच, मग लिही. सेटमध्ये काय आहे ते पाहिल्याशिवाय त्यावर नवं काही भरायचं नाही, हा तुमचा नियम मी आजपर्यंत एकदाही मोडलेला नाही. हिरवी पट्टी सरकत गेली आणि पडद्यावर रकाने उघडले. चॅनल, ऐकायची फ्रिक्वेन्सी, बोलायची फ्रिक्वेन्सी, ऐकायचा टोन, बोलायचा टोन. पहिल्याच ओळीत ती चूक अजून तशीच बसलेली होती. ऐकायचा टोन अठ्ठ्याऐंशी पॉइंट पाच, बोलायचा टोन एक्क्याण्णव पॉइंट पाच. दोन्ही एकच हवे होते, आणि यादीत ते एकाखाली एक येतात. मग मी खालच्या कोपऱ्यात पाहिलं. तिथे एक बारीक ओळ असते, सेटमध्ये ही माहिती शेवटची कधी भरली त्याची. तिकडे सहसा कोणी बघत नाही. मीही सवयीनेच पाहिलं.

तारीख गुरुवारची होती, सर. वेळ दुपारी चार वाजून अकरा मिनिटं.

मी केबल काढून पुन्हा लावली, पुन्हा वाचलं. तेच. तीन नंबर लावला. त्याच दिवशीची तारीख, चारला दहा कमी. माझ्याकडे काम करणाऱ्या मुलीने विचारलं, "मॅडम, काय झालं? बसा ना." तेव्हा मला कळलं की मी उभी आहे आणि माझ्या हातातून सेट खाली लोंबतो आहे. मी तिला म्हटलं, काही नाही, पाणी दे.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी मला ते पहिल्यापासून लिहिलं पाहिजे. माझ्या हाताने एकदा तरी ते कागदावर उतरायला हवं.

मी बावीस वर्षांची होते. पापडीहून एसटीने आगाशीला यायचे. डिप्लोमा झाला होता, नोकरी नव्हती, आणि बाजारातल्या तुमच्या दुकानावर "मदतनीस हवा" अशी पाटी होती. तुम्ही वर पाहून म्हणालात, "हवा लिहिलंय, हवी चालेल." तुम्ही जहाजावर रेडिओ ऑफिसर होतात, जगभर फिरलेले. उपग्रह आले, जहाजांना तुमची गरज उरली नाही, तेव्हा वाडीवर परत आलात आणि बंदरातल्या बोटींचे, लग्नाच्या हॉलच्या वॉचमनचे, बांधकामावरच्या लोकांचे सेट भरायला लागलात. पहिल्याच आठवड्यात मी एरियल न लावता एका सेटचं बोलायचं बटण दाबलं. तुम्ही सेट माझ्या हातातून ओढून घेतलात. "जीभ कापून बोलायला लावतेस त्याला? आतलं सगळं जळेल." मी रडकुंडीला आले. तुम्ही एरियल फिरवून बसवलंत, सेट परत माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "आता बोल. मी रस्त्यापलीकडे जातो, देवळापाशी." देवळापाशी उभं राहून तुम्ही माझ्याशी पाच मिनिटं केळ्यांच्या भावावर बोललात. ते माझं पहिलं बोलणं. टोन म्हणजे काय हेही तुम्ही तिथेच शिकवलंत. एकाच फ्रिक्वेन्सीवर शंभर माणसं बोलत असतात, म्हणालात, म्हणून आपण आपल्या आवाजाखाली एक बारीक गुणगुण सोडायची, कानाला न कळणारी. समोरच्या सेटला ती ओळखीची वाटली तरच तो तोंड उघडतो. नाही वाटली तर गप्प. आणि बोलणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. त्याचा लाल दिवा लागतो, त्याला वाटतं आपलं बोलणं पोचलं. "म्हणून प्रत्येक सेट प्रत्येकाशी बोलून बघायचा. तपासलं नाही ते दिलं नाही."

त्या वर्षी तुमच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी आठवडाभर घरी बसायला सांगितलं. नेमकं तेव्हाच विरारच्या एका मोठ्या बांधकामाचं काम आलं होतं. उंच क्रेनसाठी आठ सेट. क्रेनवाला वर केबिनमध्ये बसतो, त्याला इमारतीची पलीकडची बाजू दिसत नाही. खाली जिथे माल उतरतो तिथे एक माणूस सेट घेऊन उभा असतो. तो बोलतो तसं वरच्याने हलवायचं. तुम्ही फोनवर म्हणालात, "तू भर. तुला येतं." मला काय आनंद झाला होता! गुरुवारी मी एकटीने दुकान उघडलं आणि दिवसभर बसून आठही सेट भरले. संध्याकाळी घरी मांडव पडणार होता, चुलतबहिणीचं रविवारी लग्न, बँडवाले सराव करायला येणार होते. सात सेट मी एकमेकांशी बोलून तपासले. आठवा ज्यादाचा होता, पडून राहणारा. तो भरला तेव्हा त्याची बॅटरी जेमतेम टिकली, मग चार्जरवर लावली. पाच वाजले तरी चार्जरचा दिवा लालच होता. तो हिरवा व्हायला तास लागला असता आणि मला साडेपाचची एसटी पकडायची होती. मी वहीत आठवरही बरोबरची खूण केली. पेटी बांधून शेजारच्या घड्याळवाल्याकडे ठेवली आणि गेले. शनिवारी कंपनीचा माणूस ती घेऊन गेला.

त्यानंतर सतराव्या दिवशी तो अपघात झाला. खाली उभ्या असलेल्या माणसाच्या सेटची बॅटरी दुपारी उतरली, म्हणून त्याने पेटीतला आठ नंबर उचलला. त्याला वरच्याचं सगळं ऐकू येत होतं. "सोडतोय खाली," वरचा म्हणाला. लोखंडी सळ्यांचा भारा तिरका येत होता. हा ओरडला, थांब. लाल दिवा लागला. वरच्या सेटला गुणगुण अनोळखी वाटली आणि तो गप्प राहिला. त्या माणसाचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. पंचवीस वर्षांचा होता तो.

दोन दिवसांनी कंपनीचे तीन लोक सेट घेऊन दुकानात आले. मी मागे कपाटापाशी उभी होते. तुम्ही आठ नंबर जोडलात, पडदा स्वतःकडे वळवलात, काळा चष्मा कपाळावर ढकलून बराच वेळ बघत राहिलात. "हा कोणी भरलाय?" त्यांच्यातल्या साहेबाने विचारलं. तुम्ही म्हणालात, "मी. हिने भरले होते ते बरोबर होते. शुक्रवारी ही नव्हती, मी दुकानात आलो होतो. दोन सेट मला ठीक वाटले नाहीत म्हणून परत भरले. डोळ्याला पट्टी होती. खालची ओळ निवडली गेली." साहेब म्हणाला, "पट्टी बांधून माणसांच्या जिवाचं काम करता?" तुम्ही म्हणालात, "हो. चुकलं." ते तुम्हाला काय काय बोलले ते मी इथे लिहीत नाही. तीन आणि आठ नंबर त्यांनी टेबलावर टाकले, म्हणाले, हे तुमचे तुम्हीच ठेवा. ते गेल्यावर मी म्हटलं, "सर, तो आठवा मी..." तुम्ही हात वर केलात. "शेवटचा हात ज्याचा, चूक त्याची. शेवटचा हात माझा होता. विषय संपला." मी "बरं" म्हटलं, सर. मी फक्त "बरं" म्हटलं. तपासला नव्हता ही गोष्ट माझ्या घशात आली होती आणि मी ती गिळली. तुम्ही नंतर बदललात म्हणजे मी तपासला असता तरी काय फरक पडणार होता, असा हिशेब मी तिथल्या तिथे केला. घरी गेल्यावर मला भूक लागली. दोन दिवसांनी मी पोटभर जेवले.

पुढे तुमची कामं एकेक करून बंद झाली. बोटवाले तेवढे येत राहिले. वर्षभरात तुम्ही दुकान आवरलंत आणि केबली, तपासणीचं यंत्र, सगळं माझ्या स्वाधीन केलंत. फुलपाड्याला जागा बघायला माझ्याबरोबर आलात, बोर्डावर काय लिहायचं ते तुम्ही सांगितलंत. मी नाव कमावलं. आणि मी काय करत आले ते ऐका. नवीन मुली कामाला लागल्या की मी त्यांना तुमची गोष्ट सांगते. नाव घेत नाही, पण सांगते. माझे एक गुरू होते, फार हुशार, पण वय झालं, डोळ्यांनी दगा दिला, एक ओळ चुकली आणि एका माणसाचा पाय गेला, म्हणून आपण दोनदा तपासायचं. सोळा वर्षं मी ही गोष्ट सांगते आहे. मुली माना डोलावतात. दर वर्षी पवित्र आठवड्याआधी मी पापडीच्या चर्चमध्ये पापनिवेदनाला जाते. फादरना सांगते, आईवर चिडले, मिस्सा चुकवली. ही गोष्ट मी कधी सांगितली नाही, कारण ती माझी नव्हतीच.

शुक्रवारी तुम्ही दुकानात आलाच नव्हतात. सेटला तुम्ही हातही लावला नव्हता. शेवटचा हात माझा होता, गुरुवार, चार वाजून अकरा मिनिटं. तुम्ही पडदा वळवलात तेव्हा ती ओळ तुम्हाला दिसली असणार. किंवा बघायची गरजच नव्हती. तुम्ही त्या दिवशी घरी आरामखुर्चीत बसला होतात, हे तुम्हाला माहीत होतंच.

बुधवारी मी आगाशीला गेले. ठरवून गेले होते की काकूंना सांगायचं. त्या ओटीवर बसून मेथी निवडत होत्या. मला पाहून त्यांना वाटलं सेट झाले. मी म्हटलं, थोडं काम बाकी आहे. त्यांनी चहा टाकला. मी म्हटलं, "काकू, सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, तो आठवडा आठवतो तुम्हाला?" त्यांचा हात थांबला. "न आठवायला काय झालं? त्याच आठवड्याने घालवलं त्यांना. डॉक्टरने सांगितलेलं, उंबरठा ओलांडायचा नाही. मी दिवसभर डोळ्यांत तेल घालून बसले होते. शुक्रवारी सकाळी देवळात गेले तेवढाच वेळ, तेवढ्यात हे दुकानात जाऊन आले म्हणे. मला कळू न देता! मी त्यांना तोंडावर विचारलं, खोटं बोलून गेलात ना, आणि काय केलंत तिथे जाऊन, एका पोराचा पाय घालवलात. काही बोलले नाहीत. मी मात्र बोलत राहिले गं. भांडण कशावरूनही होवो, मी शेवटी तिथेच यायची. शेवटच्या आजारात औषध घेईनात, तेव्हाही म्हटलं, तेव्हा डॉक्टरचं ऐकलं असतंत तर आज ही वेळ आली नसती." मग त्यांनी पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, "चहा निवतोय तुझा." मी चहा प्यायले. मेथी निवडायला घेतली. सगळी जुडी निवडून झाली आणि मी निघाले. सांगितलं नाही.

आणि मग, सर, मला तुमचा राग आला. आगाशीच्या बसस्टॉपवर उभी होते. समोरून भाजीच्या टोपल्या घेऊन बायका जात होत्या आणि मला तुमचा इतका राग आला की एसटी आली आणि गेली तरी मी चढले नाही. तुम्ही मला विचारलं का नाहीत? बावीस वर्षांची होते, दूधपिती नव्हते. मला शिक्षा झाली असती, ती मी भोगली असती, त्या माणसाच्या पायाशी जाऊन बसले असते, आज ते सगळं जुनं झालं असतं. तुम्ही मला नाव दिलंत, दुकान दिलंत आणि त्याखाली हे ठेवून दिलंत. मग वाटलं, मी हे कोणाला बोलते आहे? माझ्या घशात आलं होतं ते मी गिळलं, त्यात तुमचा काय दोष. तुम्ही दार लावलंत, पण कडी मी आतून घातली.

काल मी त्या माणसाकडे गेले. मिठागरांपलीकडचं त्याचं गाव मला माहीत होतं, कधी पाऊल टाकलं नव्हतं. जाळी सांधणारा, पायाने अधू, एवढं विचारल्यावर पहिल्याच घरातल्या बाईने बोट दाखवलं. तो अंगणात खाटेवर बसून जाळं सांधत होता, कृत्रिम पाय काढून बाजूला ठेवलेला. केस पांढरे व्हायला लागलेत. "कोन पाहिजे?" त्याने विचारलं. मी म्हटलं, आगाशीच्या रेडिओवाल्या सरांकडे कामाला होते. त्याचा चेहरा उजळला. त्याने बायकोला हाक मारून पाणी आणायला सांगितलं, मला खुर्ची दिली. "देवमानूस होता तो," तो म्हणाला. "पहिल्या वेळी आला तेव्हा मी हाकलला त्याला. माझे चुलते, भाऊ, सगळे इथंच उभे होते. त्यांच्यासमोर बोललो, आंधळ्या, माझ्या पायावर काम शिकलास काय? अजून लय बोललो, ते तुमच्यासमोर नाय सांगत, ताई. दुसऱ्या महिन्यात परत आला. तिसऱ्या महिन्यात मी पानी दिलं. हा पाय त्यानेच बसवून दिला, तीनदा मुंबईला घेऊन गेला मला. जाळ्याचं काम बसून करता येतं, हे पन त्यानेच डोक्यात घातलं."

हे तुम्ही कुणालाच सांगितलं नव्हतंत. काकूंनाही नाही. मी तिथे खुर्चीवर बसून ऐकत होते.

मग मी सांगितलं. सरळ सांगितलं. तो सेट सरांनी भरला नव्हता, मी भरला होता. तपासायचा राहिला होता, मला घरी जायची घाई होती. सरांनी माझी चूक स्वतःवर घेतली. मला नक्की कळलं ते या मंगळवारी. तो ऐकत होता. सुईतला दोरा तसाच बोटांत ताणलेला. त्याची बायको दारात उभी होती, ती आत निघून गेली. पलीकडे कोणीतरी सुकट वाळत घातली होती, त्यावरून कावळा हाकलत होतं. शेवटी तो म्हणाला, "म्हनजे त्या मानसाने काहीच केलं नव्हतं."

"नाही."

"आनि मी त्याला, सगळ्यांसमोर..." त्याने जाळं मांडीवरून खाली सोडलं. मला वाटलं आता तो मला शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "ताई, तुमी आज येऊन मला हे का सांगितलं? मी त्याला माफ केलेलं. देवासमोर, मनापासून. त्यावर माझी इतकी वर्षं चालली. तुमचं ओझं उतरलं असंल. मी त्याला जे बोललो ते आता कुठं नेऊन ठेवू?"

मी म्हटलं, मला माफ करा. तो म्हणाला, "आज नाय जमायचं." त्याने जाळं परत वर घेतलं, पण सांधलं नाही. मी उठले. अंगणाच्या कडेपर्यंत गेले तेव्हा त्याने मागून हाक मारली. "म्हातारीला सांगितलंत काय? त्याच्या बायकोला?"

"नाही अजून."

"तिला सांगा. ती पन बोलली असंल त्याला. किती जगनार आहे ती?"

दोन्ही सेट तयार आहेत, सर. दोघांमध्ये एकच चॅनल ठेवलाय, वाडीपुरती कमी ताकद, टोन काढूनच टाकला. काकूंना कोणाचं तरी बोलणं मध्ये ऐकू आलं तर येऊ दे, त्यांचं मात्र बाईला पोचलं पाहिजे. कामाच्या मुलीला एक सेट देऊन रेल्वे फाटकापर्यंत पाठवलं, दोन्हीकडून बोलून पाहिलं, दहा वेळा. जुनी माहिती पुसायच्या आधी ती ओळ मी कागदावर छापून घेतली आहे, कारण काकू म्हणतील, तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस. त्या तसंच म्हणतील. आणि मग तो कागद बघून काय करतील, मला कल्पना करवत नाही. तुमच्याशी त्या जितकं भांडल्या, ते सगळं मी त्यांच्या ओटीवर नेऊन ठेवणार आहे. त्या म्हणतील, चालती हो. किंवा काहीच म्हणणार नाहीत, मेथी निवडत बसतील. उद्या रविवार, मिस्सा झाल्यावर दहाच्या एसटीने मी जाणार आहे. आज सकाळी त्यांचा फोन आला होता, झाले का गं सेट? मी म्हटलं, उद्या आणते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. पण एक सांगते. ते मी तुमच्यासाठी लिहिलं नाही. काकूंना काय सांगायचं, कुठून सुरू करायचं, कुठे थांबायचं, त्याची ही तालीम आहे. तुम्हाला सांगायला सोपं गेलं, सर. तुम्हाला सगळं माहीतच होतं.